बुंदीच्या डोळ्यात काय घातलं

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, पोरीपुढं नाही. एकदा भीमाशंकरला पिंडीपुढं हात जोडून उभा होतो, तेव्हा ओठावर आलं होतं—पण तिथंही दुकान नीट चालू दे एवढंच म्हणालो आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मांजराच्या डोळ्याची ती काय गोष्ट? बरोबर आहे. मांजर बरं झालं. आमची बुंदी आजही येडगावच्या घरी पत्र्यावर ऊन खात पडलेली असते, आणि उंदीर सोडून बाकी सगळ्यावर तिचं लक्ष असतं. गोष्ट तिची आहेच. पण नुसती तिची असती तर मी कधीच हसत हसत सांगून मोकळा झालो असतो.

नारायणगावात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. टोमॅटोच्या हंगामात सकाळपासून गर्दी. शेतकरी पिशवीत एखादं करपलेलं पान घेऊन येतो, ते काउंटरवर टाकतो आणि म्हणतो, राव, ह्याला काय मारू? मी पान उलटंसुलटं करून सांगतो. आणि सांगताना माझी जीभ जरा जास्तच चालते, हे सगळा बाजार जाणतो. लेबल वाचत जा. फोडलेली जुनी बाटली वापरू नको. द्राक्षाचं उरलेलं औषध टोमॅटोवर मारतोस, अक्कल काय गहाण ठेवलीस? रोज दहा जणांना तरी ऐकवतो. लोक हसतात, ऐकून घेतात. शिकलेला माणूस बोलतोय म्हणून ऐकतात.

आणि आमचे दादा. म्हणजे माझे वडील. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मी लहान असेपर्यंत दादा कळप घेऊन रानोमाळ हिंडायचे. पुढं मेंढरं विकली, कालव्याकाठी जमीन केली, पण जनावराच्या डोळ्यातलं त्यांना कळायचं ते कळायचंच. डोळ्यावर पांढरं आलं की आमच्याकडं फूल पडलं म्हणतात. दादा खडेमीठ चावून त्याची चूळ त्या डोळ्यात मारायचे, कधी तंबाखूचं पाणी सोडायचे. आसपासच्या वस्त्यांवरून लोक शेळ्या घेऊन यायचे. दादांच्या हाताला गुण आहे म्हणायचे. दादा कधी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसत. पण सकाळी ओसरीवर माणसं बसलेली असायची, आणि दादा पोराचा जीव सांभाळावा तसं शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. ती त्यांची इज्जत होती. मी टर उडवायचो. तोंडावर उडवायचो.

बुंदीला डोळ्याचं दुखणं लागलं तेव्हा गौरी, माझी पोरगी, पाचवीत होती. मांजर तिचंच. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, पिवळा पू यायचा. मंचरला एक डॉक्टरीणबाई कुत्र्यामांजरांचं बघतात, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी ड्रॉप्स दिले, दिवसातून चार वेळा घाला म्हणाल्या, आणि दुसरं काहीही घालू नका म्हणून बजावलं. दादांनी ते ऐकलं. मीठ लावता का म्हणून गौरीनंच विचारलं, तर म्हणाले, "डाक्टरीणबाई नगं म्हनल्या म्हंजी नगं." एवढंच.

पण दुखणं चिवट निघालं. आठ दिवसांत उतार पडला की आमचे ड्रॉप्स चुकायचे, की पुन्हा डोळा लाल. फवारणी चुकवली की करपा परत येतो ना, तसं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. गौरी जेवेना. दुकानात ऐन हंगाम, मंचरला जायला मला फुरसत नाही. एका दुपारी जेवायला घरी आलो. बायको रानात, गौरी शाळेत, दादा ओसरीवर झोपलेले. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, तर दारात एक छोटी बाटली दिसली. दादांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेली. कधीची उघडलेली कुणास ठाऊक. लेबलावरची अक्षरं बारीक, आणि माझा चष्मा दुकानात.

वाचलं नाही मी. काय झालं असतं वाचलं असतं तर? पण डोळ्याचंच तर औषध आहे म्हटलं, माणसाला चालतं ते मांजराला न चालायला काय झालं? बुंदीला पोत्यात गुंडाळलं आणि दोन थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी डोळ्याची लाली गेली. खरंच गेली हो! मी मनात असा फुगलो—आता दोन दिवसांनी पूर्ण बरी झाली की सगळ्यांना सांगायचं, बघा, तुमचा डॉक्टर मी. म्हणून तोवर कुणाला बोललो नाही. रोज दुपारी येऊन दोन थेंब घालत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी गौरीच्या किंकाळीनं जाग आली. बुंदीचा डोळा ताकासारखा पांढरा झाला होता.

मंचरला आम्ही सगळे गेलो. दादा मागच्या सीटवर, मांडीवर टोपली, टोपलीत बुंदी. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, बॅटरी मारून पाहिलं. आत जखम होती, चांगली खोल. डोळा जाऊ शकतो म्हणाल्या. मग वर बघून त्यांनी विचारलं—ह्यात दुसरं काही घातलंत का? खरं सांगा, रागावणार नाही.

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ सांगतो, उघडलं होतं. पण त्याआधीच बायको आणि गौरी दोघी दादांकडं वळल्या होत्या. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. बायको म्हणाली, "दादा, तंबाखू घातली का हो तुमी?"

"न्हाई गं बाई. म्या हातबी लावला न्हाई."

गौरी रडायला लागली. दादांनी माझ्याकडं बघितलं. लेक आपल्या बाजूनं बोलेल, असं बघितलं. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो—

"असू द्या दादा. झालं ते झालं."

हेच ते. हेच सांगायचं होतं. मी त्यांच्यावर आळ घेतला नाही, नुसता गप्पही बसलो नाही. मी जे केलं होतं त्याची मी त्यांना माफी दिली. चारचौघांत, गोड आवाजात.

डॉक्टरीणबाईंनी दादांना समजावून सांगितलं, आजोबा, मीठ-तंबाखूनं डोळा जळतो, असं पुन्हा करू नका. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं का, की मीच? मला आजही सांगता येत नाही. आणि डॉक्टरांना खरं कळलं असतं तर औषध वेगळं दिलं असतं का? तेही मी कधी विचारलं नाही. म्हणजे बापाबरोबर मी त्या मुक्या जनावराचा डोळाही पणाला लावला होता. ती बाटली मी त्याच दिवशी दुकानात नेऊन रिकाम्या डब्यांच्या पोत्यात टाकली. तेवढी अक्कल मात्र लगेच चालली.

पुढं सात आठवडे लागले. दोन-दोन तासांनी थेंब. बुंदीनं पंजा मारू नये म्हणून दादांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कापून गळ्यात पट्टा केला. मांजर धरायचं कुणी? धरता येतं ते दादांनाच. मग रोजचं असं ठरून गेलं—बायको आधी दादांची तंबाखूची चंची काढून घ्यायची, वर फळीवर ठेवायची, त्यांचे हात साबणानं धुवायला लावायची, धुतलेले हात उलटेपालटे करून बघायची. दादा निमूट हात पुढं करायचे. ज्या हातांपाशी लोक शेळ्या घेऊन यायचे, ते हात. आणि मी घरी असलो की शेजारी थेंबाची बाटली घेऊन उभा. दिवसातून दोन-तीन वेळा तरी, सात आठवडे. किती वेळा बोलता आलं असतं? लाज वाटायची, भयंकर लाज वाटायची. पण ज्या तोंडानं रोज दहा जणांना लेबल वाच म्हणून झापतो, त्या तोंडानं घरात हे सांगायचं—ते माझ्यानं झालं नाही.

बुंदी बरी झाली. डोळा वाचला, कोपऱ्यात फक्त नखाएवढी धूसर रेघ राहिली. गौरीनं शाळेत पेढे वाटले. मलाही आनंद झाला, आणि तो काही खोटा नव्हता.

त्यानंतर महिनाभरानं शेजारच्या वस्तीवरची एक बाई शेळी घेऊन आली. शेळीला फूल पडलं होतं. दादा ओसरीवरून उठलेच नाहीत. म्हणाले, "माझ्या हाताला आता गुण ऱ्हायला न्हाई बाई. डाक्टरकडं ने." ती दोनदा विनवून गेली. बायको मला आत येऊन म्हणाली, बरं झालं, सुटली एकदाची ती खोड. मीही म्हणालो, बरं झालं. एका अर्थानं बरंच झालं असेल, मिठानं शेळ्यांचं भलं होत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण सकाळी ओसरीवर माणसं यायची बंद झाली. दादा एकटेच कालव्याकडं तोंड करून बसायला लागले. चहा पुढं ठेवला तरी निवून जायचा.

ह्याला आता सहा वर्षं झाली. गौरी अकरावीला आहे. दादांना अलीकडं विसरायला होतं. जेवले की नाही ते आठवत नाही, मेंढरं विकल्याचं आठवत नाही, कधी मला त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारतात. मागच्या महिन्यात बायकोच्या माहेरचे एक पाहुणे आले होते. ओसरीवर बसलो होतो, बुंदी येऊन दादांच्या पायाशी बसली. पाहुण्यांनी सहज विचारलं, हिच्या डोळ्याला काय झालं हो? मी काही बोलायच्या आत दादा म्हणाले,

"म्या तंबाखू घातली व्हती पावणं. लई मोठी चूक झाली माझी. मुकं जनावर आंधळं व्हायचं, थोडक्यात वाचलं." मग माझ्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला. "पर ह्यो माझा पोरगा लई मोठ्या मनाचा. एका सबदानं बोलला न्हाई मला. तवाच माफ केलं."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघून कौतुकानं मान हलवली. मीही हलवली.