चोरून न्यायची रोपं

शालनमावशी गेल्याचा फोन चौगुलेकाकूंनी केला. सकाळची वेळ, मी सांगलीत ऑफिसला निघायच्या गडबडीत, आणि नंबर अनोळखी. "सुजाता काय गं? मी बावड्यातनं चौगुलेकाकू बोलतीया... शालनताई गेल्या बघ. पहाटं, झोपेतच," एवढं बोलून त्या रडायला लागल्या. काकू म्हणजे मावशीच्या शेजारीण, दोन्ही घरांच्या परड्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. आणि खरं सांगते, मावशी गेली हे डोक्यात नीट शिरायच्या आधी माझ्या मनात आलं, आता रडतीस, ती जिवंत असताना कधी आमचा उंबरा ओलांडला नाहीस. तोंडानं तसं म्हणाले नाही, पण "बरं, निघते" एवढंच तुटक बोलून फोन ठेवला. त्याला आता सहा-सात आठवडे झाले. मावशीबद्दल चार शब्द लिहायचे म्हणून बसते आणि दरवेळी आधी तो फोनच आठवतो.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आम्ही मूळचे पेठ वडगावचे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि पोरींना शाळेत घातलं, त्यातली शालन टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. कसबा बावड्यात उसाच्या रानांचे प्लॉट पडू लागले तेव्हा तिनं तिथं दोन खोल्या बांधल्या, पुढं व्हरांडा आणि मागं परडं. ट्रंक कॉलवर वर्षानुवर्षं ओरडून तिचा आवाज असा झाला होता की ती घरात कुजबुजली तरी रस्त्यावरचा माणूस मागं वळून बघायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजसाठी तिच्याकडं राहायला आले. तेव्हा मी भांडकुदळ होते. आजही आहे, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

मावशीचा बागेचा हंगाम नागपंचमीला सुरू व्हायचा. आमचा पाऊस तोवर थांबलेला नसतो, वाफ्यात बी टाकलं तर एका सरीत वाहून गटारात. म्हणून ती आडोशाला, पत्र्याखाली, ट्रेमध्ये बी टाकायची. ते काळे प्लास्टिकचे खणाखणाचे ट्रे फार पुढं आले. तेव्हा फळवाल्याकडून सफरचंदाच्या लाकडी पेट्या आणायच्या, आडव्या कापून एकीच्या दोन करायच्या आणि खिळ्यानं तळाला भोकं पाडायची. मग चाळलेली माती, जुनं शेणखत आणि साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला काळा गाळ. ही मळी दोन पावसाळे उघड्यावर पडून थंड झालेलीच पाहिजे. एका वर्षी मी हौसेनं त्याच वर्षीची, अजून वाफाळणारी मळी सायकलवर बांधून आणली आणि तिला न विचारता पेट्यांत घातली. टोमॅटोची सगळी रोपं उगवल्या उगवल्या करपली. "आपल्याला ऊस न्हाय लावायचा बाळ," एवढंच म्हणून मावशीनं पेट्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा भरल्या. काडीनं रेघ ओढायची, रेघेत बोटभर अंतरानं एकेक बी, वर मातीचा पातळ थर आणि त्यावर ओलं पोतं. ड्युटीला जाताना आणि आल्यावर पोत्याचा कोपरा उचलून बघायचं. पहिला मोड दिसला की पोतं काढायचं, नाहीतर रोपं उजेड शोधत लांबुडकी होतात आणि मान टाकतात. आधी वांगी, मिरची, टोमॅटो. गणपती गेले की फ्लॉवर आणि कोबी. दसऱ्याच्या आसपास नवलकोल. एक पेटी लावणीला आली की दुसरीत बी पडलेलं असायचं, असं दिवाळीपर्यंत चालायचं. तिच्या परड्याला लागत होती त्याच्या चौपट रोपं ती करायची. एवढ्या रोपांचं करायचं काय, हे तेव्हा मला कळायचं नाही.

उरलेली रोपं ती गल्लीत आणि ऑफिसात वाटायची. चौगुलेकाकूंना मात्र द्यायची नाही. काकू रोपं चोरून न्यायच्या. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं हमखास लागतं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. काकूंच्या सासूचा, म्हणजे चौगुलेआजींचा, त्यावर भारी विश्वास. आजी जुन्या वळणाच्या, आमच्या घरचं पाणीसुद्धा त्यांना चालत नव्हतं. दिवाळीत आम्ही पाठवलेला फराळ त्यांच्या गोठ्यातल्या गड्याच्या वाट्याला जायचा, हे मला त्या गड्यानंच सांगितलं होतं. रोप मात्र चालायचं, कारण ते आमच्यापैकी कुणी हातानं दिलेलं नसायचं ना, चोरलेलं असायचं. मी दुपारी कॉलेजात असायचे, मावशी सकाळची ड्युटी करून घरी. संध्याकाळी आले की पेटीत चार-सहा रोपांची जागा रिकामी दिसायची. "आलता काय चोर?" मी विचारायचे. "आलता की," मावशी म्हणायची आणि हसायची. ते हसू बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा तर मी डोळ्यांनी बघितलं. मावशी वांग्याची चांगली जोमदार रोपं निवडून, ओल्या कागदात गुंडाळून पेटीच्या कडेला ठेवत होती. चोरासाठी, सोयीनं न्यायला. मला मावशीचीच लाज वाटली. जी माणसं आपल्या हातचा चहा पीत नाहीत त्यांची एवढी सरबराई कशाला? मी तोंडावर विचारलं, "तुला स्वाभिमान हाय का न्हाय?" ती म्हणाली, "हाय की. तू अभ्यास कर."

मग ती चंपाषष्ठी आली. चातुर्मासात वांगं न खाणारी माणसं त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात आणि मग खायला लागतात. चौगुल्यांकडं पैपाहुणे जमले होते. आजी परड्यात वांगी तोडत होत्या, शेजारी टोपली धरून काकू उभ्या. मी भिंतीच्या अलीकडं कपडे वाळत घालत होते. "आमच्या परड्यातली हायती ही, बाजारातली न्हवं," आजी पाहुण्यांना सांगत होत्या. बस्स, माझ्यानं राहवलं नाही. भिंतीला टेकून मी खणखणीत आवाजात म्हणाले, "आजी, ह्या वांग्याची रोपं आमच्या मावशीनं केल्यात. तिनं बी टाकलं, तिनं पाणी घातलं आणि तुमच्या सूनबाई रोज दुपारी येऊन ती चोरून न्हेत्यात. तुमच्या देवाला आमच्या हातचं चालतंय, मग तुम्हाला आमचा चहा का चालत न्हाय?" पाहुणे माझ्याकडं बघत राहिले. आजींनी काकूंकडं बघितलं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, बरं झालं, लाज वाटायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चौगुल्यांच्या परड्यातली वांग्याची झाडं मुळासकट उपटून भिंतीशी टाकलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी रोपं बाजारातून आणली. काकू पुन्हा आमच्या परड्यात दिसल्या नाहीत. मावशी त्या चंपाषष्ठीला ड्युटीवरून आली तेव्हा तिला गल्लीतच सगळं कळलं होतं. मी तयारीत होते, रागावली तर काय बोलायचं ते ठरवून. ती रागावली नाही. "बोललीस ते खरं हाय," म्हणाली, मला जेवायला वाढलं आणि स्वतः परड्यात जाऊन कितीतरी वेळ बसून राहिली. मी समजले, तिचा ऊर भरून आलाय, माझं कौतुक कसं करावं ते तिला सुचत नाही.

ही गोष्ट मी पुढं कितीदा सांगितली याला गणती नाही. जयंतीच्या कार्यक्रमात सांगितली, ऑफिसात सांगितली, लग्न होऊन सांगलीला गेल्यावर सासरी सांगितली. सांगत गेले तशी ती रंगत गेली. आजींचा आवाज काढायचा, पदरात रोपं लपवून काकू कशा पळतात ते चालून दाखवायचं. माणसं हसायची आणि शेवटच्या वाक्याला टाळ्या पडायच्या. मावशी समोर असली की मध्येच उठून पाणी आणायला जायची, ते मला कधी खटकलं नाही. तिच्या पेट्या मात्र सुरूच राहिल्या. ती रिटायर झाली, पेट्यांच्या जागी वडगावजवळच्या नर्सरीतले काळे ट्रे आले, मधल्या काळात चौगुलेआजीही वारल्या. मावशी तशीच नागपंचमीला बी टाकायची आणि तशीच चौपट रोपं करायची. दिवाळीत मी गेले की भिंतीकडेच्या ट्रेत ती गर्दी करून पिवळी पडलेली दिसायची. मी म्हणायचे, कशाला एवढी करतीस? ती म्हणायची, सवय हाय.

मावशीच्या पुण्यानुमोदनाचा, आमच्यात दिवसांऐवजी करतात तो, कार्यक्रम झाला, नातेवाईक पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी घर आवरत होते. पाऊस भरून आला होता, घरात अंधारून आलं होतं. मागच्या दारात चौगुलेकाकू उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले. मी नाइलाजानं "या" म्हणाले. मावशीच्या स्वयंपाकघरातलं दिव्याचं बटण दाराच्या मागं आहे. वायरमननं ते कुठल्या डोक्यानं तिथं बसवलं देव जाणे, पण नवा माणूस भिंत चाचपडत राहतो, माझा नवरा अजून चाचपडतो. काकूंनी आत पाऊल टाकलं, न बघता दाराच्या मागं हात घातला आणि दिवा लावला. मग ओट्याखालचा पाट ओढून घेतला आणि खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून बसल्या.

"काकू, तुम्ही आधी आलाय व्हय हितं?"

"हंगामात रोज," काकू म्हणाल्या. "सासूबाईस्नी सांगायची, रोप आणाय जाते. रोज न्हाय सांगायची, एरवी त्यांचा डोळा लागला की यायची. तास लागला तर म्हणायची, शालनताई परड्यातच बसल्यात, त्या आत गेल्याबिगर चोरू कसं? त्या म्हणायच्या, मग बस दबा धरून." त्या जराशा हसल्या. "हितं बसून चहा प्यायचो दोघी. भाकरी असली तर भाकरी खायचो. मला त्या घरातनं दुसरीकडं कुठं जायची मुभाच न्हवती गं. रोपांच्या नावावर तेवढं येता यायचं. म्हणून तर शालनताई पेटीमागनं पेटी लावायच्या, दिवाळीपतूर पुरवायच्या. पेट्या संपल्या की माझं येणं संपलं. मग पुढच्या नागपंचमीची वाट बघायची."

गॅसवर मी चहा ठेवला होता, तो उतू गेला. मी गॅस बंद केला.

"मग मी ते बोलले," मी म्हणाले.

"बोललीस. त्यात खोटं काय हुतं? पण तू 'रोज' म्हणालीस बघ... सासूबाईंनी त्याच रात्री विचारलं, रोज कशाला लागतंय रोप? रोपं बंद झाली. मग काय नाव सांगून येणार?"

"मावशीनं मला कधी सांगितलं नाही."

"मला भिंतीवरनं म्हणाल्या हुत्या एकदा. पोरगी माझ्यासाठी भांडलीया, तिला ह्यातलं काय कळू द्यायचं न्हाय."

मी कसाबसा चहा गाळला, त्यांच्या हातात दिला. जीभ आवरायची सवय नसलेली बाई मी, तेव्हाही पुन्हा स्वतःची बाजू सांभाळायला निघाले. म्हणाले, "पण आजी गेल्यावर तरी यायचं काकू. मग तर कुणाची आडकाठी नव्हती."

काकूंनी कप खाली ठेवला. "आलते की एकदा. पुढच्या दारानं यावं म्हणून आलते, गेटपतूर. दिवाळीची सुट्टी हुती, तू आलतीस. व्हरांड्यात तुझ्या सासरची माणसं बसली हुती आणि तू तीच गोष्ट सांगत हुतीस. मी पदरात रोपं घेऊन कशी पळते, ते करून दाखवत हुतीस... समदी हसत हुती. मग मी तशीच माघारी फिरले."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि उठल्या. ती दिवाळी मला चांगली आठवते. मावशी आमच्यातच बसली होती, व्हरांड्याच्या कडेच्या खुर्चीत, गेटकडं तोंड करून. काकू तिला दिसल्या होत्या का, एवढंच मला विचारायचं होतं. चपला घालून काकू दारात थांबल्याही जरा वेळ, मी काहीतरी विचारीन म्हणून. मी विचारलं नाही.