दसऱ्याचा कोयता आणि माझा आपटा

मंडळी, आज दसऱ्याच्या दिवशी मी शेजाऱ्यावर कोयता उगारला. खोटं कशाला सांगू?

सकाळी अंगणात कडाकड आवाज झाला. बाहेर येऊन बघतो, तर शेजारचा ज्ञानोबा माझ्या आपट्याच्या फांद्या सपासप तोडतोय. निम्मं झाड भुईवर! मी त्याचा कोयता हिसकावला. माझा तळहात चिरला, रक्ताची धार लागली. तोच कोयता मी त्याच्यावर उगारला.

"काका, येडे झाले का? पानंच तर हायेत!"

पानंच? विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गावात आमचं घर पेटवलं, तेव्हा दारचा आपटाही जळाला. पुढं तो बुडातून फुटला. शहरात कंपनीत लागल्यावर पडेगावला घर बांधलं, तेव्हा त्याचंच बी आणून हे झाड वाढवलं.

ज्ञानोबा थरथरत होता. घर पेटलं त्या दिवशी माझी आई अशीच थरथरत होती. मी कोयता फेकून दिला.

संध्याकाळी तो मान खाली घालून आला. "काका, सोनं घ्या." हातात माझ्याच झाडाची पानं! मी घेतली, आणि त्याच्या मुठीत याच आपट्याचं, डब्यात जपून ठेवलेलं बी ठेवलं. "हे तुझ्या दारात लाव."

तुमच्या दारात आपटा हाय का, का तुम्हीबी दुसऱ्याच्याच झाडावर कोयता चालवता?