सत्यभामाबाईंची निर्जळी

हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरांमध्ये सत्यभामाबाईंच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्यांना पुरतं ठाऊकही होतं. लग्न होऊन त्या वर्ध्याहून इथे आल्या. नवरा फॅक्टरीत, पुढे मुलगा दिवाकरही तिथेच. माहेरी हरतालिकेला त्यांची आई केळी खायची, चहा प्यायची. इथे शेजारच्या पांडेबाई तीजेला, म्हणजे त्यांच्याकडच्या हरतालिकेला, पाण्याचा थेंब घेत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी गोड हसून विचारलं, “आपके यहाँ तो पानी चलता है न?” झालं. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मराठी बायका काय कमी आहेत? पुढच्या वर्षापासून त्यांची हरतालिका निर्जळी झाली, आणि सून घरात आली तोवर तर ती ‘आपल्या घरची रीत’ होऊन बसली होती. मी समोरच्याच क्वार्टरात राहते. मला हे सगळं माहीत होतं, आणि गंमतच वाटायची.

सून विनता तिशीची, रिछाईच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी. एका वर्षी हरतालिकेच्या आधीच तिचं पोट बिघडलं होतं, अंगात कणकण होती. उपासाच्या दुपारी तिने घोटभर पाणी मागितलं. सासूबाई म्हणाल्या, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, पांडेबाईंच्या सुनेने पोटुशी असताना निर्जळी धरली होती. विनता पाण्याविनाच पूजेला बसली. सकाळी उठली तर उजव्या डोळ्याने धुरकट दिसत होतं. जागरणाने होतं तसं, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. घरात गणपती बसायचे होते, डोळा दुखतही नव्हता, म्हणून आठवडा तसाच गेला.

मग दिवाकर तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. सत्यभामाबाईही सोबत गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यातलं रक्त परत नेणारी शीर तुंबली आहे, पडद्यावर रक्त साकळलंय, सूजही आहे. हा आजार बहुतेक उतारवयात होतो. तरुणपणी झाला तर नजर परत येण्याची आशा जास्त, पण खात्री देता येत नाही. मग त्यांनी विचारलं, मध्यंतरी जुलाब, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, असं काही झालं होतं का?

“पोट थोडं बिघडलं होतं,” विनता म्हणाली. “बाकी काही नाही.”

तिने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. सत्यभामाबाईंनी तिथे तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं नाही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्या ढसाढसा रडल्या. “तिनं मला पाठीशी घातलं, अन् मी गुमान लपून राहिली.” मला त्यांचा संतापच आला होता. मी समजूत काढली नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाटतं, ते निमित्त असू शकतं, पण एकट्या त्याच्यावर बोट ठेवता येणार नाही. दुसरी कोणी असती तर एवढ्यावर सुटली असती. बाई सुटल्या नाहीत. डोळ्यात इंजेक्शनं झाली, सूज ओसरली. विनता मोठी अक्षरं वाचू लागली, मग मधली. पण ओळ मधोमध वाकडीच दिसायची. आठवडा फुकट गेला नसता तर, हे विचारायची बाईंची हिंमत झाली नाही. स्वयंपाक, डबे, धुणं सगळं त्यांनी अंगावर ओढून घेतलं, कारण हात रिकामा राहिला की ती दुपार आठवायची. विनता तक्रार करत नसे, आणि बाईंना नेमकं तेच सोसत नसे.

पुढच्या हरतालिकेला आम्ही बायका पूजेला त्यांच्याकडेच जमलो होतो. सत्यभामाबाईंनी सगळ्यांच्या देखत लिंबाचं सरबत विनतापुढे धरलं. तिने मान हलवली. डोळा पुरता बरा व्हावा म्हणून ती निर्जळीचा संकल्प करून बसली होती.

“आपल्या घरची रीत आहे, आई. मीच मोडली तर डोळा बरा कसा होईन?”

पांडेबाई समोरच बसल्या होत्या, तरी बाई बोलल्या.

“आपली रीत नाही ही. माझी आई पाणी प्यायची, चहासुद्धा प्यायची. यांच्या देखादेखी मीच सुरू केली. माझ्या तोऱ्यापायी.”

विनताने पेला घेतला, सगळा प्यायली आणि रिकामा पेला सासूच्या हातात दिला.

“मग त्या दिवशी मी पाणी मागून राहिली होती, तर काहून नाही दिलं, आई?”