साडेअकराच्या मॅडम

साडेअकराच्या मॅडम नाकातून हसत. आवाज होत नसे, नुसती एक नाकपुडी फुलायची, आणि समोरच्या माणसाला आपल्या शर्टाचं बटण तुटलंय की काय असं वाटायचं. परतूरच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघी तासिका तत्त्वावर शिकवायचो, तिथे त्या नाकपुडीला प्राचार्यही दबकून असत.

हे नाव स्टाफरूमने ठेवलेलं. त्यांचा तीन वर्षांचा आदी जवळच्याच नर्सरीत होता आणि नर्सरी साडेअकराला सुटायची. ती वेळ झाली की मॅडम खडू ठेवून निघत. कायम नोकरीतले एक सर हंगामात तास सोडून कापसाच्या बाजारात बसलेले असत. त्यांना कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्यांचं ध्यान कापसात, माझं लेकरात. कापसाला मान हाय, बाई."

नर्सरीबद्दल तर त्यांच्या मनात निखळ तुच्छताच होती. नोकरी करणारी आई हा प्राणी त्या नर्सरीला ठाऊकच नव्हता. आज आजी-आजोबा दिन, उद्या फळांचा दिन, आणि सगळं भर सकाळी, आईने हजर राहावं अशा बेताने. एकदा रात्री ग्रुपवर निरोप आला की उद्या सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यावं. मॅडमनी आदीला वरणाचे डाग पडलेला पांढरा सदरा घालून पाठवलं. नर्सरीच्या बाईंनी विचारलं तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हळदीचं हाय. बिलकुल पिवळं."

तिथेच एका पाहुण्यांनी मातांच्या जबाबदारीवर तासभर भाषण केलं. लहान वयात आई घरी हवी, पैसा काय, पुढे मिळतोच, असं बरंच. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मॅडम उठल्या.

"सर, तुमची लेकरं आता कुठं हायेत?"

"घरी. त्यांच्या आईजवळ."

"मंग भाषणाला त्यांनाच बोलवायला पाहिजे होतं. तुम्हाला यातलं काय ठाऊक?"

मीच खाली बघितलं. माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं, मी नुसती सोबत म्हणून गेले होते.

मग तो संक्रांतीनंतरचा दिवस आला. नर्सरीच्या संचालिकाबाईंकडे हळदीकुंकू होतं, म्हणून नर्सरी लवकर सोडली. निरोप ग्रुपवर टाकला, पण वर्गात आम्हाला मोबाईल बंद ठेवावा लागे. मॅडम नेहमीच्या वेळी पोचल्या तर फाटकाला कुलूप. मी स्टाफरूममध्ये होते, त्यांचा फोन आला. "आदी इथं न्हाई," एवढंच म्हणाल्या. मी धावत गेले. मोंढ्याच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर मालाने भरलेल्या गाड्यांची रांग होती आणि मॅडम एकेका गाडीखाली वाकून बघत होत्या. तेवढा एकच दिवस मी त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता पाहिली नाही.

आदी सापडला पलीकडच्या गिरणीत. गिरणीवाल्या मावशींनी त्याला रस्त्यावरून उचलून आत बसवलं होतं. पिठाने पांढरा होऊन तो बिस्किट खात होता. मॅडमनी त्याला कडेवर घेतलं आणि तशाच संचालिकाबाईंच्या घरी गेल्या. मॅडम बौद्ध, हळदीकुंकवाला कधी जात नसत. कुणीतरी वाण पुढे केलं.

"वाण नको," मॅडम म्हणाल्या. "माझं लेकरू फाटकाबाहेर कुणाच्या हवाली केल्तं, तेवढं सांगा."

संचालिकाबाई म्हणाल्या, "आईने मेसेज बघायला नको का?"

दुसऱ्या दिवसापासून आदी मॅडमच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. त्याला एक पाटी दिली होती. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की हे शोभत नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही तासाचा पगार देता, तासात मी बराबर शिकवते. लेकरू कुठं बसावं याचा पगार तुम्ही देत न्हाई." प्राचार्य हसले. जूनमध्ये मॅडमना एकही तास मिळाला नाही. कारणही कुणी दिलं नाही. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही, फक्त बोलवायचं नसतं.

नंतर कळलं, त्या जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात अर्धवेळ लागल्या आहेत. भेट झाली नाही ती मागच्या वर्षापर्यंत. मी जालन्याला एका कॉलेजात मुलाखतीला गेले होते. मुलीला सांभाळायचं कबूल केलेल्या नवऱ्याने ऐनवेळी काम काढलं होतं. स्टँडवर रडून थकलेली दीड वर्षाची पोर कडेवर, हातात फाईल, आणि माझेही डोळे भरून आलेले. समोर मॅडम उभ्या. सगळं ऐकून त्यांची नाकपुडी फुलली.

"रडून राह्यलीस कशाला? तुझ्या पोरीनं तर डोळे पुसले कवाच." त्यांनी मुलीला माझ्याकडून ओढूनच घेतलं. "जा. देऊन ये मुलाखत."

"मॅडम, पण तुमची बस?"

"जा म्हणलं न."

मुलाखत नेहमीसारखीच झाली. घरी कोण कोण असतं, हे त्यांनी विषयाआधी विचारलं. मी परत आले तेव्हा माझी मुलगी मॅडमच्या मांडीवर झोपली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "यांच्या दोन गाड्या गेल्या बघा, उठल्याच न्हाईत."

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," म्हणाल्या. "आत्ता कुठं झोपली."