दरसालचं तारण

माझ्या सासूबाईंचं दरवर्षी तारण व्हायचं.

थंडी पडली, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले, की राहुरीकडच्या एका मैदानात मांडव पडे आणि आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांची, श्रद्धा नव्यानं जागवणारी उज्जीवन सभा भरे. शेवटच्या संध्याकाळी बाहेरगावचे वक्ते उपदेश संपवता संपवता आवाज खाली आणत. पेटीवाला हळूच सूर धरी. मग वक्ते म्हणत, ज्यांना आज येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारायचंय त्यांनी हात वर करावा आणि पुढं यावं. मांडव गप्प होई. जो तो खाली बघे. आणि बायकांच्या बाजूनं, सतरंजीवर बसलेल्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत आमच्या सासूबाई निघालेल्या असत.

वास्तविक त्या जन्मानं ख्रिस्ती. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, लग्न चर्चमध्ये लागलेलं, आयुष्य महिला मंडळात गेलेलं. गावातल्या बायकांना हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळं सासूबाई उठल्या की शेजारची त्यांची पिशवी मांडीवर घेई आणि तिच्या पलीकडची पाय आखडून वाट देई. कुणाला नवल वाटत नसे. नवल फक्त पुढं उभ्या असलेल्या स्वयंसेवक मुलींना वाटे. एखादी प्रेमानं विचारी, "आजी, पहिल्यांदाच का?"

आजी सांगत, "व्हय बाई."

परतीच्या टेम्पोत मी त्यांच्या कानाशी लागे. "आत्या, तारण होऊन पाच मिनिटं नाही झाली आणि खोटं बोललात." आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

"तिला काय सगळा पाढा वाचत बसू? लाइनीत मागं लोकं उभी हुती."

"म्हणजे यंदाचं तारण मांडवातच राहिलं."

"तू गप. आधीच यंदाचं जरा पातळ झालंय. वक्त्याला घाई हुती, गाडी गाठायची आसंल. मागल्या सालचा मानूस दमदार. वर्षभर टिकलं."

माणसं उसाच्या भावाची चर्चा करतात तशी ही चर्चा कोल्हार येईपर्यंत चाले. टेम्पोतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. मी तर अशा वेळी थांबतच नाही. एकदा मी विचारलं, "आत्या, मामांशीही दरवर्षी लग्न लावत होता का?"

मामा म्हणजे माझे सासरे. मी या घरात आले त्याच्या आधीच ते प्रभूत निजले होते.

"लावलं आसतं तर दरसाल नवी साडी तरी मिळाली आसती," सासूबाई म्हणाल्या.

पण या थट्टेच्या खाली काय होतं ते मला हळूहळू कळलं. त्यांना भीती वाटे. तारण म्हणजे त्यांच्या लेखी डोक्यावरचा पदर होता. वाकलं की घसरणार, वारा सुटला की उडणार. रागानं शब्द गेला, मनात कुणाविषयी वाईट आलं, प्रार्थनेत डुलकी लागली, की तो घसरला. मग त्या दिवसभर खिन्न असायच्या. जेवण अर्धं टाकायच्या. "गेलं गं माझं," एवढंच म्हणायच्या, आणि सभेची वाट बघत राहायच्या. मधल्या महिन्यांत मरण आलं तर काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता. मामा ज्या दारातून आत गेले त्या दाराशी आपल्याला कुणी अडवलं तर?

त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग सोडा झाला, मग पाठीपर्यंत कळ गेली तेव्हा नवऱ्यानं त्यांना गाडीत घालून नगरला नेलं. शहराचं नाव आता बोर्डावर निराळं आहे, पण पोटात कळ आली की माणूस नगरलाच जातो. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, सूजही आहे, या आठवड्यात ऑपरेशन करून घ्या. दुर्बिणीतून करू, घाबरायचं कारण नाही, पण थांबू नका.

सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भूल देनार का?"

"हो, पूर्ण भूल."

"मंग सभा झाल्यावर करू."

डॉक्टरांना वाटलं, गावची कसली ग्रामसभा असेल. ते म्हणाले, "आजी, सभेला दुसरं कुणीतरी जाईल."

"माझ्या जागी दुसऱ्यानं जाऊन चालत न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर निघाल्या.

सभेला अजून दोन-अडीच महिने होते. घरी आल्यावर नवऱ्यानं आईला समजावलं, मग चिडला, मग बाहेर जाऊन बसला. त्या काही ऐकेनात. भुलेतून जाग आली नाही तर? आणि अंगावर तर गेल्या सालचंच, तेही पातळ. गेल्या आठवड्यात त्या माझ्यावर खेकसल्या होत्या, त्यात उरलंसुरलं गेलं होतं. हे त्यांनी मला अगदी शांतपणे, घरातलं पीठ संपलंय अशा आवाजात सांगितलं.

मग मी म्हटलं, सभा लांब आहे ना, तर सभाच घरी आणू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडवीत सतरंजी अंथरली. नवऱ्याला पेटीवर बसवलं. त्याला एकच चाल येते आणि तीही लग्नातली, पण मी म्हटलं, हळू वाजव म्हणजे चालेल. मी खांद्यावर शाल टाकली, घसा साफ केला आणि त्या दमदार वक्त्याचा आवाज काढला. हात कुठं उचलायचा, कुठं थांबून वर बघायचं, रुमालानं कपाळ कधी टिपायचं, सगळं मला पाठ होतं. पाचेक मिनिटं उपदेश केला. बरा झाला, असं अजून वाटतं. शेवटी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "ज्यांना पुढं यायचंय त्यांनी यावं."

सासूबाई पोटावर उशी धरून बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझ्या हातनं तारण घेऊ? सकाळी दूध उतू घालवलंस ते आदी पूस."

नवरा पेटीवर डोकं ठेवून हसायला लागला. त्याही हसल्या, आणि हसताना कळ आली म्हणून मला शिव्या दिल्या. पण ऑपरेशनला हो काही म्हणाल्या नाहीत.

शेवटी आमच्या पाळकसाहेबांना बोलावलं. ते तरुण आहेत, मोटारसायकलवर चार गावच्या मंडळ्या सांभाळतात. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि सरळ मागणी केली. "साहेब, सभा लांब हाय. तुमी इथंच माझं तारण करून द्या. सादं केलं तरी चालंल."

पाळकसाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "नाही करणार, आजी."

"का? मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं नाही, म्हणूनच. ते तुम्हाला कधीच मिळालंय. ज्यानं दिलं त्यानं परत घेतलेलं नाही. जे तुमच्याजवळ आहे ते मी पुन्हा कुठून देऊ?"

"मला तर जानवत न्हाई."

"शास्त्रात तारणाला शिरस्त्राण म्हटलंय. लढाईत डोक्यावर घालतात ते. डोक्यावरची वस्तू स्वतःला कशी दिसेल?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "आरशात दिसंल की."

पाळकसाहेब हसले. जाताना त्यांनी प्रार्थना केली, पण तीत तारणाचं काही मागितलं नाही, नुसते आभार मानले. हे सासूबाईंच्या लगेच लक्षात आलं. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "मानूस चांगला हाय, पन हात आखडता हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मोठी कळ आली. ओकाऱ्या झाल्या, अंग तापलं, आणि मग विचारायला कुणी थांबलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर नवऱ्यानं सही केली. सासूबाईंच्या अंगात नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं. पण त्यांनी माझा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली.

ऑपरेशनच्या आधी नर्स हिरवा गाऊन घेऊन आली. अंगावरचं सगळं काढा म्हणाली. मी एकेक काढायला लागले. आधी चष्मा, मग दातांची कवळी. बांगड्या साबण लावून काढल्या. गळ्यातली क्रूसाची साखळी काढताना त्यांनी डोळे मिटले. कमरेच्या पिशवीतून एक रुमाल निघाला, त्यात सभेत प्रार्थना करून दिलेल्या तेलाची बाटली. पोलक्याच्या आतून चार शास्त्रवचनं लिहिलेलं, घामानं मऊ झालेलं कार्ड निघालं. एवढं सगळं निघाल्यावर नर्स म्हणाली, "हा पण काढावा लागेल."

कमरेला काळा दोरा होता.

मी सासूबाईंकडं पाहिलं. महिला मंडळात दोऱ्या-गंड्यांविरुद्ध कुणी बोललं की सर्वांत मोठ्यानं आमेन यांचं असायचं. त्यांनी छताकडं नजर लावली.

"आत्या," मी म्हटलं, "हा कुणाला घाबरून?"

"कुनाला न्हाई. मळ्यातल्या बाईनं बांधला. म्हनलं आसू दे, जादाचं." कवळी नसल्यानं त्यांचं बोलणं बोबडं झालं होतं, त्यामुळं तो गुन्हा आणखीनच गोड वाटला.

त्या तसल्या वेळी मला हसू फुटलं. नर्सलाही फुटलं. तिनं कात्रीनं दोरा कापला आणि सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवर कागदासारखी निळी टोपी चढवली. आता त्यांच्या अंगावर त्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. साडी नाही, पदर नाही, क्रूस नाही, दात नाहीत. इतक्या लहान दिसत होत्या की माझं हसू जिथल्या तिथं विरलं.

"आता काय बी ऱ्हायलं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

स्ट्रेचर हललं. दारापर्यंत मी बरोबर गेले, दार बंद झालं, आणि बाहेरच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसून मी जी प्रार्थना केली तीत अभिनय औषधालाही नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन खडे दाखवले, तेव्हा नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्यासाठी पाणी आणायला गेले आणि नळापाशी स्वतःच रडून घेतलं. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

सासूबाईंना पूर्ण शुद्ध आल्यावर त्यांनी आधी कवळी मागितली. ती तोंडात बसवून झाल्यावर मला जवळ बोलावलं.

"आत नेलं ना," त्या म्हणाल्या, "तवा लई भ्या वाटलं. वर ते मोठे दिवे. म्हनलं, आता कुनी पाळक न्हाई, वक्ता न्हाई, आपनच काय ते म्हनावं. दरसाल म्हनते तसं, 'प्रभू, मला घे,' आसं म्हनायला गेले. आन् तोंडातनं निघालं, 'प्रभू, मी तुझीच हाय.'"

"मग?"

"मंग काय. मी म्हनलं खरं, पन म्हनल्यावर माझं मलाच नवल वाटलं. सगळं काढून घेतलं हुतं की तुमी. दोरासुदिक. तरी मी त्याची ती हायेच. मंग भ्या वाटंना. त्या डॉक्टरला म्हनलं, दे तुझी भूल."

त्यांनी डोळे मिटले. साखळी द्यायला मी हात पुढं केला. त्यांनी ती घेतली, पण लगेच गळ्यात घातली नाही, उशीशी ठेवून दिली. दोरा कुठं गेला हे विचारलंसुद्धा नाही.

खरं सांगायचं तर मी पुरता विश्वास ठेवला नव्हता. भूल उतरल्यावर माणसं काय वाटेल ते बोलतात. घरी गेल्यावर पुन्हा जुनं सुरू होईल, अशी माझी खात्री होती.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती वेळ आलीच. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलं होतं. मी मुगाची पातळ खिचडी केली. सासूबाईंना ठेचा हवा होता. मी नाही म्हटलं. त्यांनी ताट सरकवलं आणि सुरुवात केली. मला स्वयंपाक येत नाही इथपासून माझ्या माहेरच्यांना चव कशी ती ठाऊक नाही इथपर्यंत त्या पोचल्या. लग्नात आमच्याकडची आमटी कशी होती हेही निघालं. मीही काही मुकी नाही. म्हटलं, "त्या आमटीच्या तीन वाट्या कुणी प्यायल्या ते मी पाहिलंय." आवाज चांगलाच वाढला. शेवटी त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि मी भांडी घेऊन आत गेले.

आत गेले आणि हात थांबले. आता "गेलं गं माझं" ऐकू येणार, मग दोन दिवस जेवण नाही, आणि टाके अजून ओले आहेत. मी स्वतःवरच चिडले. गुपचूप दाराशी जाऊन कान दिला.

त्या घोरत होत्या. चांगल्या मोकळ्या आवाजात, तोंड उघडं टाकून. मी कितीतरी वेळ दाराशी उभी राहून ते ऐकत राहिले.

चार वाजता जाग आली तेव्हा त्यांनी हाक मारली. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला, फुंकर घातली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मघाशी तुझ्या माहेराला नाव ठेवलं. चुकलं माझं. प्रभूलाबी सांगितलं, आन् तुलाबी सांगते."

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी एक घोट घेतला. "पन खिचडी अळनीच हुती."