लाल बटणावरचं ग्रीस

कपाट आवरताना जुन्या व्हिडिओ गेमचा रिमोट सापडला. लाल बटणाच्या कडेला काळं ग्रीस अजून तसंच आहे. त्याच्या वासानं मी थेट श्रीरामपूरच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन बसले.

माझे वडील, अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. त्या दिवशी ते पहिली पाळी करून आले तेव्हा मी टीव्हीसमोर रडत होते. गेममधल्या किल्ल्याचं दार एकानं बटण दाबून उघडं धरायचं आणि तेवढ्यात दुसऱ्यानं आतली किल्ली आणायची. पण तलवारी घेऊन सांगाडे आले की माझा मामेभाऊ घाबरून बटण सोडायचा, आणि मी आत अडकायचे.

अण्णांनी हातही न धुता त्याचा रिमोट घेतला. "मी धरतो. तू जा."

"सांगाडे मारतील तुम्हाला!"

"मारू दे की. कारखान्यात टाकीत उतरलेला आतला मानूस 'सोडा' म्हनल्याबिगर आमी व्हॉल्व्ह सोडत न्हाई."

मी किल्ली घेऊन बाहेर आले आणि आनंदानं आईला सांगायला पळाले. परत येऊन बघते, तर अण्णांची शेवटची लाईफ उरलेली आणि अंगठा अजून बटणावरच.

"अगं, सोडा म्हन की!"

पुढं शिक्षण, नोकरी, अशा किती दारांतून मी आत गेले. 'सोडा' म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

आज फोन करून म्हटलं, "अण्णा, सोडा आता."

ते हसले. "आलीस व्हय नीट भायेर?"