सहा औटं एकवीस

आज वर्गात एक मुलगी सातच्या पाढ्यात अडकली. ओल्या फळ्याच्या वासाबरोबर मला बी.एड.चा तो तास आठवला.

कोलकात्याच्या विद्यापीठात आम्हाला गणिताचा इतिहास होता. सरांनी सांगितलं होतं, जुने पाढे येणारं घरातलं कुणीतरी घेऊन या. बँकेच्या बदलीवर इथे आलेल्या माझ्या बाबांना औटकी यायची, साडेतीनचा पाढा. आठवडाभर दाढी करताना ते घोकत होते. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते बंगाली मुलांपुढे उभे राहिले. “चार औटं चौदा, पाच औटं साडेसतरा…” आणि थांबले. कुणी हसलं नाही. सरही शांतपणे वाट बघत होते. मीच ओशाळून म्हणाले, “बाबा, पुरे. बसा आता.”

परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणाले, “सहा औटं एकवीस.” मागच्या सीटवर माझ्या मैत्रिणी होत्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढे बाबा वारले; तोपर्यंत घरात पुन्हा कधी औटकी ऐकू आली नाही.

त्या मुलीला आठवेपर्यंत आज मी थांबले. बाबांना तर बसमध्ये आठवलंही होतं. मी नुसतं ‘बरोबर’ म्हणायचं होतं.